भरल्या गाडीचं माप

मी मूळचा साताऱ्याकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात बारा वर्षं मेंटेनन्सला काढली आणि मग बोईसरला चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान टाकलं. मशीन नवीन होतं आणि त्याच्यावर माझा फार विश्वास होता. पडद्यावरचे आकडे हिरवे झाले की माझं काम संपलं, असं मी धरून चालायचो.

किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या एक मावशी स्वतःची व्हॅन चालवत मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात यायच्या. वय पन्नाशीच्या पुढचं. त्यांच्या पुढच्या चाकांचे टायर आतल्या बाजूने झिजत होते. त्यांनी नवे टायर घातले आणि मी आकडे जुळवून दिले. तीन महिन्यांनी त्या परत आल्या, तर नवे टायरही आतल्या कडेने झिजलेले, हात लावला तर टोचणारे. गाडी पुन्हा मशीनवर घेतली, तर सगळं हिरवं. मी खड्ड्यांना दोष दिला, जरा सावकाश चालवा म्हणालो.

मावशींनी वाद घातला नाही. टायरपाशी उकिडव्या बसून त्यांनी झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमी गाडी रिकामी मापता. मी ती रिकामी चालवते कदी? फक्त घरी जाताना."

मला आधी राग आला. त्या गेल्यावर मात्र कारखान्यातले पंप आठवले. गरम तेलाचा पंप थंड असताना मोटरशी कितीही सरळ लावा, तापला की तो जागचा थोडा वर उचलला जातो. म्हणून तापल्यावर आम्ही त्याचं माप पुन्हा घ्यायचो. इतकी वर्षं हे करून मी गाडीच्या बाबतीत ते विसरलो होतो. मी मावशींना फोन करून सांगितलं, बाजारात जायच्या आधी भरली गाडी घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला व्हॅन आली. मागे बर्फ घातलेले मासळीचे क्रेट, पुढच्या सीटच्या पाठीला टेकेपर्यंत रचलेले. मावशींच्या शेजारी त्यांची जाऊ, मांडीवर टोपली घेऊन. मी दोघींनाही उतरू नका म्हणालो. मावशींनी स्टिअरिंग सरळ धरलं आणि मी चाकांना सेन्सर लावले. बर्फाचं पाणी रॅम्पवर ठिबकत होतं. जाऊबाई तेवढ्यात समोरच्या चहावाल्याला हाक मारून मोकळ्या झाल्या.

पडद्यावर या वेळी दोन्ही पुढची चाकं लाल झाली. माणूस पावलं बाहेर टाकून फेंगडा चालतो, तशी चाकांची पुढची तोंडं बाहेर वळली होती आणि वरची कड आत कलली होती. रिकामी असताना सरळ उभी राहणारी चाकं ओझ्याखाली पाय फाकत होती. खाली जाऊन पाहिलं, तर पुढच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. वजन आलं की गाडी पुढून फार खाली जायची, आणि टायर रोज आतल्या कडेवर घासत जायचे.

मी मावशींना बाहेर बोलावून पडदा दाखवला. म्हणालो, "तुमचं बरोबर होतं मावशी. मी चुकीच्या गाडीचं माप घेत होतो."

त्या म्हणाल्या, "माप नीट होतं तुमचं. गाडीच दुसरी होती." आणि बर्फ वितळतोय म्हणून लगेच निघाल्या.

सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून त्या दिवशी मी नव्या स्प्रिंगा टाकल्या. मंगळवारी पुन्हा क्रेट, पुन्हा जाऊबाई, पुन्हा रॅम्पवर चहा. नव्या स्प्रिंगांवर गाडी फारशी बसत नव्हती. उरलेला फरक मी भरल्या वजनावरच काढला आणि चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे नट आवळले. दुपारपर्यंत दुकानाला बोंबलांचा वास होता. माझी बायको डबा घेऊन आली तेव्हा दारातच थांबली आणि हसली.

पावसाळा उलटल्यावर मावशी मुद्दाम टायर दाखवायला आल्या. मी पट्टी लावून टायरच्या खाचांची खोली मोजली. आत, मध्ये, बाहेर जवळजवळ सारखी. त्यांना आकड्यांत रस नव्हता. तळहात टायरवर आडवा फिरवून त्या म्हणाल्या, "आता नाय टोचत."

त्यानंतर गाडी रॅम्पवर घेण्याआधी मी गिऱ्हाइकाशी थोडं बोलतो. गाडीत रोज कोण बसतं, काय भरता, कुठून कुठे जाता. कोळगावच्या कलेक्टर ऑफिसात जाणारे एक साहेब गमतीने म्हणाले, हा अलाइनमेंटवाला आहे की सोयरीक जुळवणारा. मला ते आवडलं.