ताईचं व्हिनेगर आणि भाऊजींचा पंप

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान एकोणतीस वर्षं पेस्ट कंट्रोलच्या कंपनीत फवारणीचं काम करत होते, आणि या एकोणतीस वर्षांत स्वतःच्या घरात त्यांना एका मुंगीचंही श्रेय मिळालं नाही. झुरळं, डास, मुंग्या, ढेकूण, शिवाय सर्दी, ताप आणि खोकला, या सगळ्यांना हाकलण्याचा मान ताईच्या व्हिनेगरचा होता. "तुमची ती औषधं लोकांच्या घरी मारा," ताई त्यांना बजावायची. "माझ्या घरात विष नको." भाऊजी मान डोलवायचे. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला बायकोनं पुरता खिशात घातलाय. कोण कुणाच्या खिशात होतं ते मला माहीत होतं. मी त्याच इमारतीत, त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहते आणि मला नको असतानाही सगळं कळतं.

व्हिनेगरची कृती सांगते, म्हणजे वासाची कल्पना येईल. मोठी काचेची बरणी. तिच्यात साधं व्हिनेगर, ठेचलेला भरपूर लसूण, मूठभर लवंगा, पुदिन्याची जुडी आणि खिडकीतल्या कुंडीतला एक कडू पाला, ज्याचं नाव तिनं मला, सख्ख्या बहिणीलासुद्धा, सांगितलं नाही. हे सगळं एकवीस दिवस पलंगाखाली अंधारात. रोज सकाळी हलवायचं, मग पातळ फडक्यातून गाळून बाटल्यांत भरायचं. त्यानं खिडक्या पुसायच्या, दाराच्या कड्या पुसायच्या, मोरीच्या तोंडाशी ओतायचं, पाणी घालून गुळण्या करायच्या आणि बाहेर जाताना त्यात बुडवलेला रुमाल खिशात ठेवायचा. इमारतीत तिचं नाव बाटलीताई पडलं होतं. ती जिन्यानं कितव्या मजल्यापर्यंत गेली, हे अर्ध्या तासानंतरही कुणीही सांगू शकायचं.

पण याची सुरुवात हसण्यासारखी नव्हती. लग्नाच्या पाचव्या वर्षी त्यांची मुलगी गेली. अडीच वर्षांची होती. ताप आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, डासाचा ताप. त्यानंतर ताईची झोपच गेली. वर्तमानपत्राची सुरळी हातात धरून भिंतीला टेकून बसायची आणि डास शोधायची. ताट पुढे ठेवलं तरी नजर छताकडे. आम्ही सगळ्यांनी हात टेकले. शेवटी हॉस्पिटलातली एक म्हातारी आया भेटायला आली, तिनं ही कृती सांगितली. म्हणे, फार जुन्या काळी कुठेशी साथ आली होती, तेव्हा मेलेल्यांची घरं लुटणारे चोर हे अंगाला चोळून आत शिरायचे आणि त्यांना काहीसुद्धा व्हायचं नाही. डॉक्टरांचं, आईचं, माझं, कुणाचंही न ऐकणाऱ्या ताईला चोरांचं मात्र पटलं. "उगीच कोण जीव धोक्यात घालेल?" ती म्हणाली, आणि तीन आठवड्यांनी पहिली बरणी तयार झाली.

सगळं घर पुसून झाल्यावर वास जरा बसेपर्यंत ती माझ्याकडे वर आली. तेवढ्या तासाभरात भाऊजी चादरीत गुंडाळलेला पंप घेऊन घरात शिरले आणि कोपरा न् कोपरा फवारून बाहेर पडले. त्या व्हिनेगरच्या वासात औषधाचा वास काय, हत्ती मेला असता तरी कळलं नसतं. ताई संध्याकाळी खाली गेली, सुरळी घेऊन बसली, एकही डास दिसेना. बसल्या जागी डोळा लागला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला.

भाऊजी मला सांगायला वर आले. "झोपली," म्हणाले आणि खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "हे आता असंच चालू ठेवायला हवं. तिला कळलं तर ती पुन्हा सुरळी घेऊन बसेल."

मी एक घाव दोन तुकडे करणारी बाई. म्हटलं, "सरळ सांगून टाका. औषधानं डास मेले म्हणून झोप म्हणावं."

"औषधावर तिचा विश्वास नाही. स्वतःच्या हातावर आहे. तेवढा एकच उरलाय," ते म्हणाले.

मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकला.

घरापुरतं असतं तर निभावलं असतं. पण ताईला एकदा गुण आला म्हटल्यावर ती गप्प बसणार थोडीच! तिनं तळमजल्यावरच्या टायपिस्टबाईंना बाटली दिली, समोरच्या शिंप्याला दिली, दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या मास्तरांना दिली. आणि तिथे झुरळ दिसलं तर ताईचं नाक कापलं जाणार, म्हणून भाऊजींना तिथेही जावं लागलं. कधी नळ गळतोय का बघायला, कधी मास्तरांशी गप्पा मारायला. गप्पा मारायला पाठीवर पंप कशाला लागतो, हे विचारणारं कुणी नव्हतं, कारण पहिल्या महिन्यातच सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. फुकटात फवारणी होतेय म्हटल्यावर लोकांनी व्हिनेगरची अशी काही तारीफ सुरू केली की विचारू नका. पुढे पुढे तर हे लोक ताईलाच निरोप्या बनवायला लागले. "ताई, तुमच्या व्हिनेगरचा असर जरा कमी झालाय हो," असं टायपिस्टबाई जिन्यात म्हणायच्या. ताई काळजीनं घरी येऊन सांगायची, दुसऱ्या दिवशी ताजी बाटली देऊन यायची, आणि तिसऱ्या दिवशी पंप घेऊन भाऊजी. शिंप्यानं एकदा विचारलं, "ताई, ढेकणांवर चालेल का हो?" ताई म्हणाली, "न चालायला काय झालं!" शेजारी उभ्या असलेल्या भाऊजींचा चेहरा मी पाहिला. ढेकणांना दोनदा फवारावं लागतं.

आजारांचं तर आणखी अवघड. व्हिनेगरच्या घरात कुणी आजारी पडत नाही, असं ताईनं जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळे भाऊजी आपल्या सगळ्या सर्द्या ऑफिसात उरकायचे. नाक गळायला लागलं की पहाटेच निघायचे, कंपनीच्या गोदामात डब्यांच्या मागे चादर टाकून झोपायचे आणि डोळे जरा निवळले की घरी यायचे. चाळिशीत त्यांना गालगुंड झालं. तेव्हा आठ दिवस 'कंपनीच्या दौऱ्यावर' म्हणून मावसभावाकडे जाऊन राहिले. "कसला दौरा?" मी विचारलं. "झुरळांचं संमेलन भरलं होतं का?" त्यांना हसतासुद्धा येत नव्हतं, इतके गाल सुजले होते.

एकदा मात्र माझा संयम सुटतच आला होता. ताईनं कंपनीच्या साहेबांना भेट म्हणून एक बाटली पाठवली, वर चिठ्ठी, 'आता तरी विष सोडा.' भाऊजींनी ती मुकाट्यानं नेली. स्टोअरकीपरनं ते व्हिनेगर काकडीवर घालून खाल्लं आणि चव छान असल्याचं कळवलं. भाऊजींनी घरी सांगितलं, साहेबांना फार आवडलं. त्यावर ताई माझ्यासमोर म्हणाली, "बघ. यांच्या अख्ख्या कंपनीला जे जमलं नाही ते माझ्या बरणीला जमलं." मी तोंड उघडलं होतं. भाऊजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं आणि त्या दिवशीचा राग माझ्या नवऱ्यावर काढला.

मग भाऊजी रिटायर झाले. कंपनीनं त्यांना गुच्छ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि पंप काढून घेतला. "जुना झालाय, मलाच राहू द्या," असं त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, पण नियम म्हणजे नियम. घड्याळ बगलेत मारून घरी आले तेव्हा चेहरा असा, की रिटायर नाही, बडतर्फ होऊन आलेत.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या. नवा पंप घेऊन लपवायचा कुठे? ताई आता दिवसभर यांच्यासमोर आणि हे ताईसमोर. एकोणतीस वर्षं पाठीवर पंप मिरवलेला माणूस आता चप्पल हातात घेऊन स्वयंपाकघरात दबा धरून बसायला लागला. एकदा टायपिस्टबाई आणि शिंप्याची बायको बसायला आल्या होत्या. ताई भिंतीला टेकून व्हिनेगरचे गुण सांगत होती आणि तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर, कॅलेंडरच्या मागून एक झुरळ सावकाश बाहेर आलं, मिशा हलवत ऐकायला थांबलं. आम्ही चौघांनी ते पाहिलं. शिंप्याची बायको ताईला म्हणाली, "तुमच्या कुंडीला फूल आलंय का हो?" ताईनं खिडकीकडे मान वळवली, भाऊजी सोफ्यावर चढले, टायपिस्टबाईंनी आपली पर्स भिंतीवर हाणली. "काय झालं?" ताईनं विचारलं. "कॅलेंडर वाकडं होतं," भाऊजी सोफ्यावरूनच म्हणाले.

हे किती दिवस चालणार? एकाच आठवड्यात चार घरांतून तोच निरोप आला, असर कमी झालाय. या वेळी तो खरोखर ताईसाठीच होता, कारण त्यापुढे पाठवायला पंपवाला उरला नव्हता. मला वाटलं, आता तिला संशय येईल. तो आलाच नाही. तिनं लसूण दुप्पट केला. मग लवंगा दुप्पट केल्या. मग एक दिवस म्हणाली, "माझ्या हातात आता ते राहिलं नाही गं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल, हातात वर्तमानपत्राची सुरळी.

त्याच दुपारी भाऊजी वर आले. "सांगतो आता," म्हणाले. "तू ये बरोबर." खरं सांगते, मला भीती वाटली. तीस वर्षं सांगा सांगा म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते, आणि आता मीच चपला शोधण्यात वेळ काढला.

ताई बरणीतलं व्हिनेगर गाळत होती. भाऊजी तिच्यासमोर स्टुलावर बसले. "तुझ्या हातात काही कमी झालेलं नाही," ते म्हणाले. "पंप कमी झालाय. घरात मी फवारत होतो. पहिल्या दिवसापासून."

ताई गाळतच राहिली. फडकं पिळत तिनं विचारलं, "टायपिस्टबाईंकडे?"

"मीच."

"मास्तरांकडे?"

"तिथेही."

"शिंप्याचे ढेकूण?"

"दोनदा."

"आणि तुम्ही कधी आजारी पडला नाहीत ते?"

"गोदामात पडायचो."

"दौरा?"

"गालगुंड."

"कुणाकुणाला माहीत होतं हे?"

भाऊजींनी बरणीत डोकावून पाहिलं. मी छताकडे बघायला लागले. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं. मला वाटलं, आता बरणी फुटणार. ती रागावलीही, पण मी धरून चालले होते त्यावर नाही. भाऊजींकडे वळून, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "एवढा गुणाचा होता तुमचा पंप, तर आपली पोर तापानं फणफणत होती तेव्हा कुठे होता तो?"

माझीच मान खाली गेली. भाऊजींनी मात्र मान खाली घातली नाही.

"तेव्हा मी बूट विकत होतो," ते म्हणाले. "ती गेल्यावर पंधराव्या दिवशी दुकान सोडलं आणि या कंपनीत गेलो. तुला सांगितलं होतं. तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. हं म्हणालीस."

"मला वाटलं, दुकान बंद पडलं."

"दुकान अजून चालू आहे."

नोकरी बदललेली मला माहीत होती. दिवस मी कधी जुळवून पाहिले नव्हते. इतकी वर्षं मी या माणसाला बायकोच्या अर्ध्या वचनातला म्हणून चिडवत आले, आणि लोकांच्या मोऱ्यांत वाकून वाकून तो काय शोधत होता, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही. मला माझीच लाज वाटली.

ताईच्या हातातलं फडकं बरणीत पडलं, तिनं ते काढलं नाही. पदराला हात पुसत ती भाऊजींच्या शेजारी खाली जमिनीवर येऊन बसली. त्यांना एकटं सोडावं म्हणून मी हळूच उठले, तर मान न वळवता म्हणाली, "तू बस. तुझ्याशी मला वेगळं बोलायचंय." मी बसले.

मग ती भाऊजींना म्हणाली, "एकट्यानंच केलंत हो सगळं. मला सांगितलं असतंत तर पंप मी धरला असता."

पोर गेली तेव्हाही मी भाऊजींना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दुपारी पाहिलं. मलाही आवरलं नाही. थोड्या वेळानं टायपिस्टबाई पुन्हा तोच असर कमी झाल्याचा निरोप घेऊन दारात आल्या आणि आम्हा तिघांचे रडवेले चेहरे बघून घाबरल्या, तेव्हा भाऊजींनी घाईघाईनं सांगून टाकलं की या खेपेचं व्हिनेगर जरा जास्तच जहाल झालंय.