लिंकनशरहून आणलेलं पिस्तूल कोणाचं?

ठिणगी पडली ती फॅमिली ग्रुपवर. माझा धाकटा दीर ओहायोत राहतो. अमेरिकेत सैन्याची जुनी पिस्तुलं साध्या नागरिकांना विकायची एक सरकारच्या पाठबळावर चालणारी योजना आहे. अर्ज करायचा, तपासण्या पार पाडायच्या, मग सोडतीत नंबर लागला तर पिस्तूल मिळतं. याचा लागला. त्याने फोटो टाकला आणि सासऱ्यांनी खाली लिहिलं, "घराण्यात शस्त्र आलं. अभिनंदन!" मग हात जोडलेले, फुलं, वाघ, सगळे इमोजी येऊन गेले.

माझं डोकंच फिरलं. या अख्ख्या घराण्यात गोळी झाडलेली एकच व्यक्ती आहे आणि ती त्या वेळी भेंडी परतत होती. नागपूरला कॉलेजात मी एनसीसीत होते, विद्यापीठाच्या टीममधून पिस्तूल शूटिंग केलंय. पदकं लग्नात बॅगेतून आली आणि बॅगेतच राहिली. सासरी खंडेनवमीला तलवारीची पूजा होते आणि ती पुरुष करतात. सुनेने तबक धरून शेजारी उभं राहायचं, तलवारीला हात लावायचा नाही. आम्ही इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आलो तेव्हा तलवारीच्या जागी सुरी, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप आले. तबक मात्र माझ्याच हातात राहिलं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला कुंकू लावतो तोही माझा नवरा, अभिजित.

तर ठरवलं, यंदा शस्त्र मी आणणार आणि पूजाही मीच करणार.

ज्यांना असं काही घ्यायचंय त्यांच्यासाठी आधी कायद्याचं सांगते. इथे चालू पिस्तूल साध्या माणसाला घरात ठेवता येत नाही, तो विषयच सोडा. पण सैन्यातली जुनी पिस्तुलं कायमची निकामी करून विकतात. नळी बुजवलेली, आतले भाग वेल्ड केलेले, वर अधिकृत शिक्का आणि सोबत सर्टिफिकेट. ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि हे आता कोणाकडे गेलं ते गृहखात्याला कळवावं लागतं. लायसन्स मात्र लागत नाही.

रात्री जेवताना मी हे जाहीर केलं. बाबा, म्हणजे सासरे, दर उन्हाळ्यात पुण्याहून येतात आणि दसरा करूनच परततात. त्यांचा घास हातातच राहिला.

"हत्यारं विकत घ्यायला बाईमाणूस जाणार? आणि तेही एकटी?"

"वीकेंडला मी ऑन-कॉल आहे," अभिजित ताटात बघत म्हणाला. "तुमचं तुम्ही ठरवा."

माझी लेक इरा पंधरा वर्षांची, जन्म इथलाच. ती म्हणाली, "आई, तो पिस्तूल रिअल असणार? प्लीज माझा स्कूलमध्ये कोणाला सांगू नको."

"मग मी येतो बरोबर," बाबा म्हणाले. झालं! आमची जोडी ठरली.

शनिवारी दुपारी लिंकनशरकडे निघालो. एम-फोर, मग एम-ट्वेंटीफाइव्हवर नेहमीप्रमाणे गोगलगाय, आणि एकदा ए-वनला लागलं की गाडी सुटते. न थांबता तीन तास धरा, बरोबर सासरे असतील तर चार. हायवेवरच्या सर्व्हिसेसमधला चहा बाबांना बघूनच महाग वाटला, म्हणून कार पार्कमध्ये थर्मास उघडून थालीपीठ आणि लसणाची चटणी खाल्ली. ग्रँटममध्ये बेड-अँड-ब्रेकफास्ट घेतलं होतं, दोन छोट्या खोल्या, नव्वद पाऊंड. मालकीणबाईंनी विचारलं, उद्या कुठे? बाबांनी मी तोंड उघडायच्या आत सांगितलं, "चर्च. ओल्ड चर्च." मी म्हटलं, "पिस्तूल घ्यायला चाललोय." बाईंनी शांतपणे विचारलं की सकाळी अंड्याबरोबर मशरूम चालतील ना.

रविवारी लवकर पोहोचा, कारण पार्किंग शेतात असतं आणि चिखल असतो. बूट घाला. जुन्या विमानतळाच्या हँगरमध्ये सैन्यातून निघालेल्या सामानाची ही विक्री भरते. तंबू, जेरीकॅन, हेल्मेटं, लोकरीचे कोट, सगळीकडे ओल्या कॅनव्हासचा वास. बाबांनी दहा पाऊंडांत एक सुंदर पितळी होकायंत्र घेतलं आणि एकदम खुशीत आले. हँगरमध्ये बायका होत्या, पण बहुतेक चहाच्या रांगेत.

निकामी हत्यारांचा स्टॉल आत, कोपऱ्यात. पांढऱ्या दाढीचा विक्रेता बाबांकडे बघून म्हणाला, "व्हॉट आर यू आफ्टर, सर?"

"मी घेणार आहे," मी इंग्रजीत सांगितलं, "नऊ मिलिमीटरचं, सैन्यात वापरलेलं."

माणूस भला होता. लगेच माझ्याकडे वळला, मखमलीवर तीन मांडली. मधलं उचललं आणि मनगटाला ओझं कळलं. कॉलेजातलं माझं पिस्तूल याच्यापेक्षा हलकं, पण अंगाला सगळं आठवत होतं. पाय आपोआप फाकले, खांदा वळला, श्वास अर्धा सोडून थांबला. समोर भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ होतं, त्यावर नेम धरला. ट्रिगर हलला नाही, हलणारच नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"यू हॅव शॉट बिफोर," विक्रेता म्हणाला. बाबा माझ्याकडे असे बघत होते की जणू मी अचानक फ्रेंच बोलायला लागले होते.

साडेसातशे सांगितले, बाबांनी तोंड घातलं आणि सहाशे नव्वदला आणलं. त्या कामात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. मग विक्रेत्याने पेन काढून नाव विचारलं.

"अभिजित," बाबा म्हणाले. "ए, बी, एच..."

"बाबा, थांबा."

"अगं, घरातलं शस्त्र आहे. यजमान असताना बाईच्या नावावर घेतात का? तुझं काय जातंय त्यात?"

"माझं नाव जातंय, बाबा."

विक्रेत्याने विचारलं, "इज ही हिअर?" मी नाही म्हटलं. "देन इट कान्ट बी हिम, आय अॅम अफ्रेड." मी माझं ड्रायव्हिंग लायसन्स टेबलावर आपटलं. ठेवायचं होतं, पण आपटलं गेलं.

एक महत्त्वाची सूचना. घेतलेली वस्तू पेटीत बंद करा, पेटी डिकीत ठेवा, सर्टिफिकेट जवळ असू द्या आणि सरळ घरी या. ती दिसायला खरीच असते. कोणाला गंमत म्हणून दाखवायला काढलीत तर पोलीस येतील आणि चूक तुमचीच असेल.

परतताना बाबांनी पीटरबरोपर्यंत होकायंत्रावर दिशा तपासली. मग ते हातात फिरवत त्यांनी विचारलं, "आवाज फार होतो का गं?"

"कानावर लावलेलं असतं. तरी छातीत जाणवतो."

"भीती वाटली होती?"

"पहिल्यांदा वाटली. नंतर तर रविवार कधी येतो असं व्हायचं."

"मग सोडलंस का?"

"लग्न झालं ना, बाबा."

त्यांनी होकायंत्र खिशात ठेवलं. मला वाटलं, चला, विषय मिटला. घरी येऊन वरणभात लावला, फोन उघडला तर ग्रुपवर बाबांचा मेसेज, माझ्या पेटीच्या फोटोसकट. "घराण्यात दुसरं शस्त्र आलं. अभिजितने आणलं."

मी फोन त्यांच्यासमोर धरला. "हे काय आहे?"

"लोकांना सतरा प्रश्न पडतात, मंजिरी. कशाला उगाच?"

"पडू देत." मी अभिजितकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना, आपल्याला माहितीये ना कोणी आणलं." त्या दिवशी मला त्या पिस्तुलापेक्षा निकामी कोण वाटलं, ते इथे लिहीत नाही.

खंडेनवमीला स्लाऊहून झेंडू आणला. पाटावर लाल कापड, मधोमध पिस्तूल, बाजूला माझी पदकं, सुरी, स्क्रूड्रायव्हर, दोन्ही लॅपटॉप. बाबा सोवळं नेसून आले तेव्हा आसनावर मी बसले होते. ते दारातच थांबले. अभिजितला अचानक मेल आठवली.

"बाबा," मी म्हटलं, "तबक धरता?"

इरा भिंतीला टेकून बघत होती. शेवटी बाबा पुढे आले आणि त्यांनी तबक उचललं. त्यांना ते नीट धरता येईना, निरांजन एका बाजूला घसरलं, थोडं कुंकू कार्पेटवर सांडलं. मी पिस्तुलाला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, ओवाळलं. मग इराला बोलावलं आणि तिच्याकडूनही फूल वाहून घेतलं.

"आता नेक्स्ट इयर माझी टर्न?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

कार्पेटवरचा डाग निघालेला नाही आणि मी घासलेलाही नाही. पिस्तूल कुलपात आहे. दिराचं चालतं, माझं कधीच चालणार नाही, त्याचं मला जरासुद्धा वाईट वाटत नाही. बाबा पुण्याला परतले, जाताना होकायंत्र इराला देऊन गेले. ग्रुपवरचा मेसेज त्यांनी अजून बदललेला नाही, खाली अभिजितच्या नावाने अभिनंदनांची रांग आहे. म्हणून हे सगळं इथे लिहिलं. पिस्तूल मी आणलं. गृहखात्याकडे नाव गेलंय ते माझं, मंजिरीचं. वाचून झालं असेल तर मी आता या पोस्टची लिंक फॅमिली ग्रुपवर टाकते आहे.