उरलेली अर्धी गच्ची

अख्खी वस्ती त्यांना गच्चीमामा म्हणते. खरं नाव विचारलं तर बायकोसुद्धा क्षणभर थांबते.

मामांची कामाची रीत साधी. कुणाच्याही दारात जायचं आणि अर्धी गच्ची मागायची. ती झाडून, धुऊन तिला चुन्याचे दोन हात द्यायचे, फुकट. उरलेली अर्धी तशीच ठेवायची. चुना वाळला की ऐन दुपारी घरमालकाला वर बोलवायचं आणि म्हणायचं, "चपला काढा. आधी तिकडे उभे राहा, मग इकडे."

तिकडे पाय पोळून माणूस नाचायचा. पांढऱ्यावर आला की निवांत उभा राहायचा. शेवटी मालकच विचारायचा, "उरलेली कधी करता?"

"आलात का मामा चुना लावायला?" हा विनोद प्रत्येक घरात व्हायचा आणि मामा प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. नवं घर उठत असेल तिथेही ते जाऊन उभे राहायचे. पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा चांगला रुंद काढा, खिडक्या समोरासमोर ठेवा, वारा आत आला तर त्याला बाहेर जायला वाट हवी, असं काकुळतीला येऊन सांगायचे. लोक मान डोलवायचे, "करू की मामा," म्हणायचे आणि महिन्याभरात तिथे भिंतभर काच बसवायचे. उन्हाला हौसेने घरात घ्यायचं आणि मग वीज जाळून त्याला बाहेर हाकलायचं, यात कसली श्रीमंती आहे देव जाणे. मामा चिडायचे नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात चुन्याची बादली घेऊन त्याच दारात हजर व्हायचे.

लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला वेड लागलंय. पण हे वेड आलं कुठून, ते मामा सांगत नसत.

एके काळी ते डांबरवाले होते. गच्ची गळली की त्यांना बोलावणं यायचं. उकळतं डांबर ते असं पसरायचे की नंतर थेंब आत येणार नाही. थोरल्या भावाची गच्चीही त्यांनीच केली होती. तिच्याखालच्या खोलीत आईची खाट होती. पुढच्या उन्हाळ्यात ती खोली भट्टी झाली, आणि एका दुपारी आडवी झालेली आई उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने गेली. भेटायला आलेली माणसं पांगल्यावर दादा एवढंच बोलला, "तुझ्या डांबराने नेलं तिला."

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. मामांनी डांबराची कढई भंगारात घातली आणि आपण काळ्या केलेल्या गच्च्या एकेक करून पांढऱ्या करायला घेतल्या. सगळ्या झाल्या. एक तेवढी राहिली. तिथे जायची त्यांची छाती होत नव्हती.

यंदा उन्हाळा तापायला लागला आणि वहिनीच दारात आल्या. दादाचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

"भाऊजी, ते त्या वरच्या खोलीतून हलायला तयार नाहीत. खाली न्यायचं म्हटलं की अंगावर येतात. हा उन्हाळा काही ते काढत नाहीत. तुम्ही या."

"तो हात लावू देईल गच्चीला?"

"आधी या तर."

मामा गेले. जिना चढताना खोलीचं दार उघडंच दिसलं. दादाने बादली पाहिली, मामांना पाहिलं.

"कुणाला विचारून आलास?"

"वहिनींनी बोलावलं."

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. नाही म्हणाला नाही, तेवढ्यावर मामा वर गेले.

त्यांच्याच हातचं डांबर होतं, आणि अजून कुठे उखडलेलं नव्हतं. त्याच्यावर चुना धरत नाही, म्हणून ते खरवडणं आलं. गुडघे टेकून मामा सकाळ-संध्याकाळ खरवडत राहिले. तो आवाज खाली पोचत असणार, हे त्यांना कळत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. अर्धी गच्ची मोकळी झाली, तिला चुना दिला, तो वाळला. मग सवयीने ते खाली बोलवायला निघाले आणि पायरीवरच थबकले. इथला मालक वर कसा येणार? आणि बोलून पटवायची कला तर मामांकडे कधी नव्हतीच.

ते खोलीत शिरले. दादाची खाट नेमकी काळ्या अर्ध्याखाली, कोपऱ्यात होती. आईची होती तिथेच.

"दादा, खाट जरा इकडे घेऊ?"

"नको."

मामा पांढऱ्या अर्ध्याखाली जमिनीवर बसले. दुपार चढली. दादाच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"तिथे कसं आहे?" दादाने विचारलं.

"बरं आहे."

दादा छताकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "तिने विचारलं होतं मला. वर सोसवत नाही, खाली झोपू का, म्हणाली. मी म्हटलं, खाली जागा कुठे आहे? जागा होती रे. मला अडचण नको होती. आणि सगळं तुझ्या माथी मारून मोकळा झालो."

मामांना राग यायला हवा होता. इतकी वर्षं उरावर धोंडा वागवला होता त्यांनी. पण समोर मोडक्या खुब्याचा थोरला भाऊ होता, आणि आई ज्या जागी भाजली त्याच जागी तो हट्टाने पडून होता. त्यांना फक्त रडू आलं. ते उठले, वहिनींना हाक मारली आणि दोघांनी मिळून खाट ओढली. या वेळी दादा नको म्हणाला नाही.

पांढऱ्याखाली आल्यावर त्याने डोळे मिटले. श्वास हळूहळू संथ झाला. मामा दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला.

"उरलेली कधी करतोस? ती आईची बाजू आहे."

या प्रश्नाचं उत्तर मामांना घरोघर देऊन पाठ झालं होतं. आज त्यांनी बाहीने डोळे पुसले, खरवडणी उचलली आणि भर उन्हात गच्चीवर गेले.