चावी पोरीच्या मुठीत

रडणाऱ्या पोराला गप्प करायला तुम्हीही डॉक्टरचंच नाव घेता ना? खोडद ते नारायणगाव जीप चालवणाऱ्या आमच्या ड्रायव्हरसमोर घेऊन बघा. तो आरशातून डोळे वटारतो. "पावणं, पोराला भ्या घालायचं तर उतरा. चालत जा." सरपंचाच्या मेव्हण्यालाही त्यानं असंच उतरवलंय.

परवा जीपमध्ये कुत्रं चावलेली एक चिमुरडी होती. वाटेत तिच्यासोबतच्या आजोबांनी तिला सुईची धमकी दिलीच. पण चावलेलं पोर रस्त्यात सोडता येत नाही, म्हणून ड्रायव्हर दातओठ खात जीप हाकत राहिला. दवाखान्यापुढं पोरीनं सीटचा दांडा धरला, तो सोडेना.

"सुई दुखत न्हाई गं," आजोबा म्हणाले.

"खोटं नका बोलू, आजोबा!" ड्रायव्हर पोरीकडं वळला. "लाल मुंगी चावल्यावानी दुखंल. खुशाल रड. पण टोचून घ्यावंच लागंल." त्यानं जीपची चावी काढून तिच्या मुठीत दिली. "तू आल्याबिगर जीप हलायची न्हाई."

"भाऊ, माझं टोमॅटो सडत्याल!" मागून एकजण ओरडला.

"तिला सांगा. मालकीण ती हाय."

पोरीनं आम्हा सगळ्यांकडं पाहिलं आणि उतरून आत गेली. आम्ही घाम पुसत बसलो. ती भोकाड पसरतच परत आली, पण चावी घट्ट धरून. हुंदका देत म्हणाली, "चला."

तुमच्या पोराला सुई टोचायला न्याल तेव्हा धमकी आणि थापा घरी ठेवा. गाडीची चावी मात्र त्याच्या मुठीत द्या.