दगडूची फ्लॉपी

कर्र... कर्र... टक्. फ्लॉपी आत सारून बटण दाबलं की साहेबांचा कॉम्प्युटर असा आवाज करायचा. ऐंशीचं दशक तेव्हा संपत आलं होतं आणि मी कोळवणला साहेबांच्या बंगल्यावर राखणीला होतो. बंद बंगल्याची राखण करणाऱ्याला बोलायला कुणी नसतं, म्हणून त्याच्याजवळ किस्से साठत जातात. चार लोकांना हसवायचे तेवढे मी सांगून टाकले. एक मात्र तसाच राहिला होता. आज सगळेच सांगतो.

*

कॉम्प्युटर जीपमधून आला तेव्हा निम्मं गाव बघायला आलं होतं. साहेब इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, पावसावर पुस्तक लिहीत होते. चपला बाहेर काढायला लावून त्यांनी एकेकाला आत घेतलं.

आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्याच्यावर शिनेमा दिसतो का?"

"नाही. यावर मी लिहिणार."

म्हाताऱ्यानं वाकून मशीन बघितलं. "का वं? पेन हरवलं व्हय?"

*

साहेबांचं लिखाण टाइप करायला बौद्धवस्तीतली सुनंदा यायची. बारावी झालेली, हात भारी वेगात. शनिवारी एसटीनं पुण्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. साहेबांनी तिला शब्द दिला होता, "पुस्तक पुरं झालं की पुण्यातल्या माझ्या मित्राच्या ऑफिसला तुझ्यासाठी पत्र देतो." त्या पत्रावर तिचं सगळं घर डोळे लावून बसलं होतं.

तिचं काम सुरू झालं की नेमकी भाताची गिरणी चालू व्हायची आणि व्होल्टेज पडायचं. साहेब मला गिरणीवर पिटाळायचे, "थोडा वेळ बंद ठेवायला सांग."

गिरणीवाला एकदा वैतागून म्हणाला, "दगडूदादा, साहेबांना म्हनावं, पान संपलं की तांबडं फडकं दाखवा. मग मी भात कांडतो!"

साहेबांनी खरोखरच तांबडं फडकं आणून ठेवलं.

*

मग तो ठिपका आला. सुनंदा टाइप करत होती आणि पडद्यावर एक बारका ठिपका टणाटणा उड्या मारत फिरायला लागला. अक्षरावर आपटायचा, परत फिरायचा. बाईसाहेब कौतुकानं बघत म्हणाल्या, "अहो, किती गोड आहे! राहू द्या ना!"

साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता. दोन दिवसांनी पुण्याहून एक इंजिनियर स्कूटरवर आला. म्हणाला, हा व्हायरस. एका फ्लॉपीवरून मशीनमध्ये शिरतो आणि मशीनमधून दुसऱ्या फ्लॉपीवर जातो. त्यानं मशीन साफ केलं, सगळ्या फ्लॉप्या साफ केल्या, प्रत्येकीच्या खाचेवर पट्टी चिकटवली. पट्टी असली की आत काही शिरत नाही म्हणे.

"एक जरी फ्लॉपी राहिली, तरी हा परत येणार."

पुढच्या आठवड्यात ठिपका हजर! इंजिनियर परत आला, परत साफ केलं. ठिपका पुन्हा हजर. चौथ्या खेपेला इंजिनियरनं डोक्यावरचं हेल्मेटही उतरवलं नाही.

"बसा तरी," बाईसाहेब म्हणाल्या.

"नको. आधी तो आहे का बघतो, मग ठरवतो बसायचं का रडायचं!"

*

राहिलेली एक फ्लॉपी माझ्याजवळ होती.

साहेबांचे जावई दिवाळीला आले होते. सासरे झोपले की ते गुपचूप गेम खेळायचे. एकदा मी त्यांना पकडलं, तर मलाच गेम शिकवला आणि जाताना फ्लॉपी माझ्या हातात दिली. "दगडूदादा, सासरेबुवांना कळू देऊ नका."

मी ती कॅलेंडरमागं लपवली. सोमवार ते गुरुवार साहेब आणि बाईसाहेब पुण्यात असत. दुपारी कडी लावून मी खेळायचो. वरून काहीबाही थव्यानं उतरायचं, खालून आपण उडवायचं. सगळा जन्म मी गोफण घेऊन भाताची पाखरं राखलेली. मला ती पाखरंच वाटायची. मी अगदी रंगून जायचो.

एकदा वाटेनं जाणाऱ्या आमच्या भावकीतल्या वहिनीनं खिडकीखालून हाक मारली, "दादा, आवं हाऽऽ हाऽऽ काय करताय? बंगल्यात भात पेरलाय व्हय?"

हा किस्सा मी कधीच कुणाला सांगितला नाही. व्हायरस फ्लॉपीतून येतो हे इंजिनियर म्हणाला तेव्हा मी दारातच उभा होतो. मला कळलं होतं. तरी साहेब गेले की हात कॅलेंडरमागं जायचा.

*

पाचव्या खेपेला इंजिनियरनं विचारलं, "बाहेरून फ्लॉपी कोण आणतं?"

सगळ्यांनी सुनंदाकडं बघितलं. क्लासची फ्लॉपी तिच्या पर्समध्ये असायची.

"सर, माझ्या फ्लॉपीवर पट्टी हाय," ती म्हणाली.

"पट्टी काढता येते," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. "सुनंदा, तू काही दिवस येऊ नकोस."

"आन् पत्र, सर?"

"ते आता कसं देऊ?"

मी तेव्हा चहाच्या कपबश्या उचलत होतो. चार होत्या. मी त्या दोनदा पुसल्या.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर एकजण म्हणाला, "त्या वस्तीतल्या पोरीच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय व्हनार?" बाकीचे हसले. मी हसलो नाही. चहा पीत राहिलो.

*

त्या दिवसापासून मी गेमला शिवलो नाही. लाज वाटली, म्हणून सोडला. पंधरा दिवस गेले, महिना गेला. ठिपका आला नाही.

साहेब खुशीत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघितलंस दगडू? पोरगी गेली, व्हायरस गेला!"

*

साहेबांनी वाचायला दिलेलं पुस्तक परत करायला सुनंदा एक दिवस आली. साहेब ओसरीवर पेपर वाचत होते. "आत टेबलावर ठेव," म्हणाले.

मी आत झाडत होतो. तिला सांगायचं म्हणून महिनाभर मनात जुळवलेलं एक वाक्यसुद्धा तोंडातून निघेना. मी केरसुणी ठेवली, कॅलेंडरमागून फ्लॉपी काढली, मशीनमध्ये घातली आणि बटण दाबलं.

तो गेम सुरू होताना आधी पहिल्या दहा खेळाडूंची नावं दाखवायचा. दहाच्या दहा ओळींवर एकच नाव होतं. इंग्रजीत दगडू. माझी शाळा दुसरीपर्यंत. ती पाच अक्षरं जेवणाच्या सुट्टीत तिनंच माझं बोट धरून शिकवलेली. "मामा, डी हितं हाय. आता ए हुडका. घाई न्हाई."

तिनं पहिली ओळ वाचली. मग खालपर्यंत सगळ्या वाचल्या. मग फ्लॉपीच्या खाचेकडं बघितलं. तिथं पट्टी नव्हती.

"सुनंदा..." एवढंच म्हणालो.

तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ओसरीवर गेली. मी दारापर्यंत गेलो.

साहेबांनी पेपर खाली केला. "काय गं, काही सांगायचंय का?"

ती थांबली. वळून माझ्याकडं बघितलं. साहेब तिच्याकडं बघत होते, ती माझ्याकडं. मी तोंड उघडलं होतं.

तिनं पायरीवरच्या चपला घातल्या, फाटक उघडलं आणि निघून गेली.