काळ्या दातांचा फोटो

माझ्या धाकट्या बहिणीचा फोटो मी टेबलावरून हलवणार नाही. ती गेल्यापासून नातेवाईक भेटायला येतात, फोटो पाहतात आणि हळूच सुचवतात, "दुसरा ठेवा ना. ह्याच्यात दात कसे दिसून राह्यले!" फोटोत ती सहा वर्षांची आहे, तोंडभर हसते आहे आणि तिचे पुढचे दात कोळशासारखे काळे आहेत.

ते काळे कसे झाले हे आता मलाच सांगावं लागणार. सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही घनसावंगीत राहत होतो. बहिणीचे दुधाचे दात किडले. घास गालात धरून ती बसून राहायची. काकू म्हणाली, "रिंगणीच्या बियांचा धूर द्या, अळ्या पटापट पडतील." आईनं मात्र तिला एसटीनं जुन्या जालन्यातल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही सोबत होते.

"यात अळी नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना न दिसणारे जंतू आहेत. हे दात पडायचेच आहेत, पण मागून पक्की दाढ येतेय. जंतू असेच राहिले तर तिलाही कीड लागेल."

किडलेल्या जागी सिल्व्हर नायट्रेट लावलं की जंतू मरतील, कीड थांबेल, पण दात काळे पडतील, असं त्यांनी लावण्याआधीच सांगितलं.

"दाढ वाचंल?" आईनं विचारलं.

"बहुतेक वाचेल."

"मंग होऊ द्या काळे."

आमच्याकडे काळे दात म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ती पूड लावायच्या लग्न झालेल्या बायका. आडावर बहीण दिसली की एखादी हटकायचीच, "काय गं, दुधाचे दात पडले न्हाईत अन् मिश्री लावती? सासर पाहून ठेवलं का?" बहीण तोंडावर हात धरून हसू लागली. मग हसेनाशीच झाली.

एका दुपारी मी शाळेतून आले तर काकू तिला मोरीवर धरून राखेनं दात घासत होती. हिरड्यांतून रक्त येत होतं. काकूही रडत होती. आईनं येऊन तिच्या मुठीतली राख काढून घेतली.

"जाऊबाई, तो डाग निघायचा न्हाई. औषध हाये ते."

"अन् लोकं काय म्हणतील?"

"लोकांच्या तोंडाला औषध न्हाई माझ्याकडं."

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी आईनं बहिणीला फोटोवाल्यासमोर उभं केलं. तो भला माणूस. "बेबी, तोंड मीट," म्हणाला. आई म्हणाली, "मिटायचं न्हाई. हास गं, माय." बहिणीनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसली.

पुढे ते काळे दात एकेक करून पडले. मागची दाढ मात्र कधी किडली नाही. दवाखान्यात शेवटी तिच्या ओठांना पाणी लावताना उघड्या तोंडात मला ती दाढ दिसली. तिथेच होती, शाबूत.

काल एका पाहुण्यांनी फोटो उचलून पालथा ठेवला. मी तो सरळ केला, पदरानं काच पुसली आणि म्हटलं, "चहा घ्या. फोटो असाच राहील."