झिपरूच्या गालातला रुपया

झिपरू भोई पाण्यात शिरण्याआधी आपली मजुरी तोंडात टाकायचा. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर यात्रेकरूंचा लोटा पडो, नदीत कुणाची अंगठी गळो, नाहीतर विहिरीत घागर जावो, माणसं झिपरूला हाक मारत. तो यायचा, पाण्याकडे बघायचा आणि तळहात पुढे करायचा. लोट्याला चार आणे, सोन्याच्या वस्तूला एक रुपया. नाणं हातात पडलं की ते उजव्या गालात सरकवायचा, नाकाशी दोन बोटं नेऊन नदीला नमस्कार करायचा आणि जायचा खाली.

उधारी त्याला मुळीच चालत नसे. आमच्या गावातली भलीभली शेतकरी मंडळी दुकानदाराला चिठ्ठी देऊन व्यवहार करायची. झिपरूसमोर चिठ्ठी धरली की तो म्हणायचा, "उधारनी बुडी मी मारत नही, भाऊ. तापीमायले चिठ्ठी वाचता येत नही." नोटही घ्यायचा नाही, कारण ती भिजायची. नवे पैसे आले तेव्हा तो महिनाभर कुरकुरत होता. त्या बारक्या नाण्याला तो मासळीचं खवलं म्हणायचा. जिभेखालून निसटून घशात जाईल अशी त्याला भीती होती.

नाणं तोंडातच का, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. त्याच्या अंगावर लंगोटीखेरीज काही नसायचं, त्यामुळे पैसा ठेवायला दुसरी जागा नव्हती, हे तर झालंच. पण त्याचं खरं उत्तर वेगळं होतं. "तोंडमा पैसा ऱ्हायना म्हंजे तोंड उघडत नही," तो म्हणाला. "खाले जीव घाबरस. तोंड उघडं की मानूस गया."

आणि वस्तू नाही सापडली तर तो रुपया परत द्यायचा. गालातून काढायचा, तीनदा नदीत खळबळून धुवायचा आणि पायरीवर ठेवायचा. आमच्यासारखी माणसं मग त्यावर आणखी एकदा पाणी शिंपडून तो उचलायची. झिपरू माझ्या वडिलांपेक्षा मोठा होता, तरी आमच्या घरातलं शेंबडं पोरही त्याला 'अरे झिपरू' म्हणायचं. मीही तसंच म्हणत असे.

आम्ही तापीकाठचे गुजर पाटील, केळी-कापूसवाले. घरात बोलायचं गुजरीत आणि गावात अहिराणीत. मी धुळ्याला कॉलेजात एक वर्ष काढून, नापास होऊन परत आलो होतो. त्या एका वर्षाने अंगात अक्कल काही आली नव्हती, पण रुबाब मात्र पुष्कळ आला होता. त्या महाशिवरात्रीला सगळं घर घाटावर अंघोळीला गेलं. वहिनी डुबकी मारून वर आल्या, देवघरासाठी तांब्याच्या कळशीत पाणी भरून घेतलं आणि पायरीवर येऊन कानाला हात लावला, तर डावा डूल नाही. माहेरची सोन्याची जोडी होती. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. वडिलांनी झिपरूला बोलावणं धाडलं.

झिपरू आला, रुपया गालात टाकला आणि पाच बुड्या मारल्या. पाणी गार होतं. पाचव्या वेळी तो फार वेळ खाली राहिला आणि वर आला तो पार खालच्या अंगाला, पंधरा-वीस हातांवर. काठावर येऊन बसला, धापा टाकल्या, मान हलवली. मग रुपया काढण्यासाठी त्याने दोन बोटं तोंडात घातली.

त्याच क्षणी मी त्याचं मनगट धरलं. मला वाटलं, एवढा वेळ हा खाली काय करत होता? दूर जाऊन का वर आला? गाल नेहमीपेक्षा फुगल्यासारखा का दिसतो? यात्रेचं गाव जमलेलं, वहिनी रडत होत्या, आणि मला आपली हुशारी दाखवायची होती.

"थांब," मी म्हणालो. "तोंड उघाड पहिले."

त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याने वडिलांकडे पाहिलं. वडील दुसरीकडे बघत होते. मग झिपरूने तोंड उघडलं. मी वाकून आत पाहिलं. बाजारात बैल घेताना पाहतात, तसं पाहिलं. मागचे दोन दात नव्हते. जिभेवर आमचाच रुपया होता.

"जीभ वर कर," मी म्हणालो.

त्याने जीभ वर केली. खाली काही नव्हतं. तेवढ्यात गर्दीतून कोणी तरी ओरडलं, "गिळी गया व्हई!" आणि घाटभर हशा पिकला. मीही हसलो. हे लिहिताना हात अडतो आहे, पण मी हसलो होतो.

झिपरूने रुपया तीनदा धुतला, पायरीवर ठेवला. "रेती भलती हाली ऱ्हायनी," एवढंच म्हणाला. "तुन्हा रुपया, भाऊ."

चौथ्या दिवशी वहिनींनी देवघरातली कळशी घासायला काढली. तळाशी डूल होता. पाणी भरायला वाकल्या तेव्हा कानातून सुटून सरळ आत पडला असणार. वहिनी आनंदाने ओरडल्या. झिपरूला सांगायला हवं, असं त्या म्हणाल्या. वडील म्हणाले, काही गरज नाही, गावात आपलंच हसं होईल, हा विषय घरातच राहू दे. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडायला मी लावलं होतं, तेव्हा बोलायचं मीच होतं. मी पान खायला बाहेर निघून गेलो.

पुढे जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. बुडी झाली की लोक झिपरूला म्हणू लागले, "तोंड उघाड." आधी चेष्टेत, मग खरोखरच. त्याने नाणं गालात ठेवणं सोडलं. मजुरी तो बुडीनंतर मागू लागला आणि बुडीनंतर माणसं विसरू लागली. उद्या ये म्हणू लागली, दुकानावर चिठ्ठी देऊ लागली. पाण्याला चिठ्ठी वाचता येत नाही असं सांगणारा तो माणूस दुकानाच्या ओट्यावर चिठ्ठी धरून उभा असलेला मी पाहिला आहे. पाहिलं आणि बैलगाडी हाकत पुढे गेलो.

सहा-सात वर्षांनी वडील गेले, शेती माझ्याकडे आली. नदीवर आम्ही डिझेलचं इंजिन बसवलं होतं. एका उन्हाळ्यात पाइपाच्या तोंडाचा व्हॉल्व्ह तुटून नदीत पडला आणि केळी माना टाकू लागली. झिपरूला बोलवायला गडी पाठवता आला असता, पण मी स्वतः गेलो. वाटेत ठरवलं, आज सांगायचंच.

झिपरू म्हातारा झाला होता, तरी आला. मी रुपया पुढे केला तर म्हणाला, "आते नही, मंग दे." तिसऱ्या बुडीला तो व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी छातीशी धरून वर आला. ते लोखंडी धूड चांगलं भोपळ्याएवढं होतं. ते त्याने माझ्या पायाशी ठेवलं, माझ्यासमोर उभा राहिला आणि तोंड उघडलं. मग जीभ वर केली.

"झिपरूबाबा, बंद कर," मी म्हणालो. त्याला 'बाबा' मी पहिल्यांदाच म्हटलं. "तो डूल घरमाच सापडना व्हता. कळशीमा."

"माले माहीत शे," तो म्हणाला. "तुन्ही वहिनी पानी भराले उनी, तवाच सांगी गयी."

"मंग गावले सांगं का नही?"

"मी सांगतू ते तिन्हं नाव निंघतं. तिले तुम्हना घरमा ऱ्हानं शे."

"आन् आते तोंड कसाले उघडस?"

तो जरा ओशाळून हसला. "सवय पडी गयी, भाऊ."

मी रुपया दिला. तो त्याने मुठीत धरला आणि काठाकाठाने निघून गेला. मला वाटलं होतं, सांगितल्यावर मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. ज्याला सांगायची गरज नव्हती त्याला मी सांगितलं होतं. सांगायचं होतं ते गावाला.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर झिपरू तापाने गेला. मी भोईवाड्यात गेलो. अंगणात चाळीसेक माणसं होती, त्यातली निम्मी त्या शिवरात्रीला घाटावर हसलेली. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. माणूस जाताना तोंडात काहीतरी ठेवायची रीत. झिपरूची बायको घरात शोधून आली आणि माझ्यासमोर थांबली. "भाऊ, रुपया शे का? घरमा नोटच शे. त्यासले कागद चालत नही."

मी खिशातून रुपया काढून दिला. तिने दोन बोटांनी त्याचं तोंड उघडलं. मी मान फिरवली.

लोकांना वाटलं, पाटलाला रडू आवरेना. शेजारच्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला आणि काही बोललो नाही.